डावीकडचा गरुड

धावपट्टीवर शेळ्या होत्या आणि वरून विमान उतरत होतं, म्हणून मी गाडीचा हॉर्न दाबून धरला.

आमच्या गावाची धावपट्टी म्हणजे लाल मातीचा एक सपाट पट्टा. कुंपण कधीचंच पडलंय. हिवाळ्यात रानशेळ्या कोवळ्या उन्हाला तिथे येऊन बसतात. मी व्हर्ना मावशीच्या चहाच्या दुकानासाठी पिठाची पोती घेऊन चालले होते, तेवढ्यात ते छोटं पांढरं विमान नदीवरून वळलं. वाटलं, शेळ्या दिसतील आणि वर जाईल. पण ते खालीच येत राहिलं... खाली... आणखी खाली. मग मी गाडी सरळ पट्टीवर घातली.

शेळ्या पांगल्या. विमान धूळ उडवत माझ्या बाजूने निघून गेलं आणि पट्टीच्या टोकाशी थांबलं. आतून एक उंच, तांबूस केसांचा तरुण उडी मारून उतरला.

"ओ बाई! धावपट्टीवर गाडी चालवतात का?"

"ओ साहेब! शेळ्यांच्या अंगावर विमान उतरवतात का?"

त्याने आख्खी मान डावीकडे वळवली आणि तिथे उभ्या असलेल्या शेळ्यांकडे बघत राहिला. "...अरेच्चा. या कुठून आल्या?"

"त्या इथेच राहतात. पाहुणे तुम्ही आहात."

तो हसला. आणि मी — भांडायची पूर्ण तयारी करून गाडीतून उतरलेली मी — हसले.

त्याचं नाव फर्गस. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावरचा. एका छोट्या सफर कंपनीसाठी तो ब्रोकन हिल शहराहून पाच-सहा माणसं घेऊन यायचा, त्यांना आमची नदी वरून दाखवायचा, मग उत्तरेला कूपर नदीच्या पात्रापर्यंत, तिथे मुक्काम करून परत. आमच्या गावातून विमानात बसून नदीची माहिती सांगणारा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता.

"तुम्हाला या नदीबद्दल काही सांगता येईल?" त्याने विचारलं.

"मी बार्किंजी आहे, इथल्या मूळच्या लोकांपैकी. आमच्या नावाचा अर्थच नदीची माणसं. तुमच्या नकाशात ती डार्लिंग असेल, आमच्यात ती बाका."

"आणि बोलायला जमेल?"

"मला गप्प बसायला जमत नाही, असं मावशी म्हणते."

पिठाची पोती गाडीतच राहिली. मी त्याच्या उजव्या हाताच्या सीटवर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी नदी वरून बघितली.

खालून ती नदी वाटायची तरी. वरून... नुसती वळणं. वळणावळणांतून हिरवट पाण्याची डबकी, मध्ये भेगाळलेला चिखल, काठाने मेलेल्या झाडांच्या राखाडी रांगा. मी बोलायचं थांबले. हेडफोनमध्ये फक्त इंजिनाचा आवाज.

"डेल्वीन," तो हळूच म्हणाला, "जे दिसतंय तेच सांगा. सुंदर करून सांगायची गरज नाही."

तेव्हाच बहुधा मी त्याच्यात अडकले.

त्या हंगामभर मी त्याच्याबरोबर उडत राहिले; विमान आमच्या गावात थांबायचं आणि माणसं मावशीकडे चहा घ्यायची. 'अहो'वरून आम्ही 'अरे'वर कधी आलो ते आठवत नाही. माईक उघडा असला की मागे बसलेल्यांना सगळं ऐकू जातं, हे तो दर वेळी विसरायचा.

"डेल, तू आज केस मोकळे सोडलेस."

"वाऱ्याने सुटलेत. समोर बघ."

"समोर काही नाही. वाळवंट आहे."

"मग वाळवंट बघ."

आणि मागून एखादे म्हातारबुवा — "अगं पोरी, बघू दे की त्याला!" मी लाल व्हायची. तो शीळ घालायचा.

मुक्कामाला कूपरच्या काठी एक पत्र्याच्या छपराची खाणावळ होती. संध्याकाळी माणसं शेकोटीशी बसली की आम्ही दोघं पाण्याकडे चालत जायचो. तो नेहमी मला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला यायचा, म्हणजे मी त्याच्या उजव्या हाताशी. मला वाटायचं, लाडाने करतो. चहा ओतताना त्याचा कप कधी भरून वाहायचा, तेव्हा वाटायचं — माझ्याकडे बघतोय म्हणून. प्रेमात माणूस किती सोयीने समजून घेतो सगळं!

ऑगस्टच्या थंडीत पेटिफर नवरा-बायको आले. मिस्टर पेटिफरांचा सत्तरावा वाढदिवस होता. बायकोने ही सफर त्यांना भेट दिली होती आणि मांडीवर केकचा डबा सांभाळत ती मागे बसली होती. आणखी तिघं होते. नदी सोडून आम्ही लाल टेकड्यांवर आलो, आणि मला तो दिसला. पाचरीसारख्या शेपटीचा प्रचंड गरुड, आमच्याच उंचीवर, डावीकडून तिरका येणारा.

"फर्ग, गरुड."

"कुठे?"

"डावीकडे."

त्याने समोर बघितलं. गरुडाचे पंख मला आता एकेक पीस मोजता येईल इतके जवळ होते.

"फर्ग! डावीकडे! खाली घे!"

विमान कोसळल्यासारखं खाली गेलं. वर कुठेतरी काहीतरी खरडलं आणि मागे नाहीसं झालं. मिसेस पेटिफर हसत ओरडल्या, "हे सफरीतच धरलंय का हो?"

सगळे हसले. फर्गसही हसला. पण त्याने सुकाणू अजून घट्ट आवळून धरलं होतं. आणि मला कळलं — त्याने विमान खाली घेतलं ते माझ्या आवाजावर. डोळ्यांवर नाही.

त्या संध्याकाळी पाण्याकाठी मी मुद्दाम त्याच्या डाव्या हाताला बसले. तो उठून वळसा घालायला लागला.

"बस. इथेच बस."

बसला. समोर पेलिकन पक्षी उतरत होते, त्यांच्याबद्दल काहीतरी सांगत राहिला. मी संत्रं सोललं, एक फोड त्याच्या डाव्या गालाजवळ धरली. तो बोलतच होता. मी हात हलवला. तो बोलतच होता.

"फर्ग... माझ्या हातात काय आहे?"

तो थांबला. वळून बघितलं नाही. बघून उत्तर देता आलं असतं, पण त्याने ती लबाडी केली नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"डावा मागच्या उन्हाळ्यात गेला. उजव्यालाही आता कडेने सुरुवात झालीय." पाण्याकडे बघत तो सांगत होता. "बाबांचं असंच झालं. मी शाळेत असताना ते मला हाताने चाचपून ओळखायला लागले. मला ठाऊक होतं, डेल, आपली पाळी येणार. इतक्या लवकर येईल असं नव्हतं वाटलं."

"आणि पायलटची डोळ्यांची तपासणी?"

"सप्टेंबर संपता संपता. त्यात पकडतीलच." मग तो माझ्याकडे पुरता वळला. "एवढा हंगाम दे मला. थोडे दिवस राहिलेत. तू शेजारी बसतेस, तू बोलतेस... डावीकडचं तू बघ. आपण दोघं मिळून एक धड पायलट होतो की."

बोलणं चेष्टेचं होतं, आवाज चेष्टेचा नव्हता.

"आणि मला तुला बघायचंय. वर, त्या उजेडात. जोवर दिसतंय तोवर. मी... तुझ्याशिवाय मला आता काही सुचत नाही, डेल."

इतके दिवस ज्या वाक्याची मी वाट बघत होते ते असं आलं. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकले. संत्र्याचा वास होता, आणि शेकोटीच्या धुराचा. मग मी म्हटलं, "माझंही तेच आहे. आणि उद्या तू उडायचं नाहीस."

त्याने माझे हात बाजूला केले.

"नाहीतर? सांगणार तू?"

"हो."

"आत्ता म्हणालीस ना, माझ्यावर जीव आहे म्हणून!"

"आहे. पण मागे पाच माणसं बसतात, फर्ग. ती केक घेऊन बसतात."

"कंपनी बंद पडेल. माझ्याशिवाय दुसरा पायलट नाही त्यांच्याकडे. तुझंही काम जाईल. मावशीच्या दुकानात मग कोण येणार आहे? शेळ्या?"

"नाही आलं कुणी तर नाही."

"सोपं आहे तुला बोलायला," तो म्हणाला आणि उठून गेला. पहिल्यांदाच, मला वळसा न घालता.

सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. पाचही जण सामान घेऊन विमानापाशी उभे होते. फर्गस आला. पंखावरून हात फिरवला, चाकं बघितली, रोजच्यासारखं. मग दार उघडलं. मी जागची हलले नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात त्या पाचजणांना सांगायचा शब्द तयार होता, आणि मला तो बोलायचा नव्हता. जगातलं काहीही चाललं असतं, तो शब्द सोडून.

त्याने दार परत लावलं.

"मंडळी," तो म्हणाला, "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. कालचा गरुड मला दिसला नव्हता. मी तुम्हाला घेऊन जाऊ शकत नाही."

मग मिसेस पेटिफर पुढे आल्या.

"काल आम्हाला आत बसवलंत, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, घट्ट, आणि त्यांना घेऊन सावलीत गेल्या. केकचा डबा पंखाखाली तसाच राहिला.

रस्त्याने न्यायला गाडी आली. खडीच्या रस्त्यावरून दिवसभर आम्ही हाडं खिळखिळी करत ब्रोकन हिलला पोचलो. फर्गस ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने एकदाही मागे बघितलं नाही. उतरल्यावर बॅग खांद्याला टाकली आणि चालू लागला. मी हाक मारली. त्याला ऐकू आलं होतं. कान चांगले होते त्याचे.

कंपनी बंद पडली. मी मावशीच्या दुकानात पाव भाजायला लागले. तो फोन उचलत नव्हता, मग मीही करायची थांबले.

"चुकलं का गं माझं?" मी एकदा मावशीला विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "पण बरोबर वागलं की बरं वाटतं, असं कुणी सांगितलं तुला?"

मग उन्हाळा आला. असा उन्हाळा मावशीनेही पाहिला नव्हता. डबक्यांवर शेवाळाची हिरवी साय धरली. वरच्या अंगाला पाणी अडवलेलं, आकाशात ढग नाही. जानेवारीत कडक उन्हानंतर एकाएकी गार वारा सुटला, आणि पहाटे नदीवर गेलेली माणसं धावत परत आली.

मासे मेले होते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरी पोटं, मध्ये पाणी दिसत नव्हतं. त्यांत कॉड जातीचे प्रचंड मासे होते, माझ्या आईपेक्षा वयाने मोठे. इतकी वर्षं त्या नदीत जगले होते आणि पाण्यातला प्राणवायू संपून एका रात्रीत गुदमरून गेले. मावशी काठावर बसली आणि आमच्या भाषेत नदीला हाका मारून रडली. टीव्हीवाले आले, नाकाला रुमाल लावून बोलले, गेले. आम्ही मासे पुरायला फावडी घेतली.

चौथ्या-पाचव्या दिवशी असेल. मी गुडघाभर चिखलात होते. मागून आवाज आला.

"डेल?"

तो काठावर उभा होता. बारीक झाला होता, काळा चष्मा, हातात बॅग. बसने आला होता.

"मी अजून रागावलोय तुझ्यावर," तो म्हणाला.

"हे सांगायला एवढ्या लांब आलास?"

"नाही. दुसरंही एक आहे... ते तुला ठाऊक आहे. बसमध्ये दोन्ही वेगवेगळं करून बघत होतो. जमलं नाही. म्हणून दोन्ही घेऊन आलो."

मला त्याच्या गळ्यात पडायचं होतं आणि त्याला चिखलात ढकलायचंही होतं. माझे हात कोपरापर्यंत माखले होते, त्यामुळे दोन्ही राहून गेलं.

"उजवा?" मी विचारलं.

"समोरचं दिसतं. तू समोर असलीस तर दिसतेस." त्याने बॅग खाली ठेवली. "मिसेस पेटिफरना मी चिठ्ठी पाठवली. उत्तर नाही आलं. येऊही नये. मी रोज ते विमान मनात उडवतो, डेल, आणि रोज तू ओरडत नाहीस."

मी चिखलातून वर आले आणि त्याच्या अगदी समोर उभी राहिले.

"बोलत काय उभे राहिलात?" मावशी खालून ओरडली. "त्या पोराला मास्क दे आणि इकडे आण!"

तो खाली उतरला. पहिल्यांदा बाजूला जाऊन त्याने ओकून घेतलं, सगळेच ओकायचे. मग तोंड पुसून परत आला. एक मोठा कॉड एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. मी डोक्याकडून धरला, त्याने शेपटीकडून. खवले त्याच्या हातांना चिकटत होते. आम्ही तो वर खड्ड्याकडे न्यायला लागलो.

"कुठे उतरलायस?" मी विचारलं.

"अजून कुठेच नाही."

"मावशीच्या दुकानामागे खोली आहे. पत्र्याची. तापते."

"चालेल." चढावर त्याने पाय रोवला. "पाणी येईपर्यंत राहिलो तर?"

"ते कधी येईल कुणालाच ठाऊक नाही, फर्ग. आणि नाहीच आलं तर?"

त्याने माशाचं वजन नीट पेललं, माझ्याकडे बघितलं.

"मग जास्त राहावं लागेल," तो म्हणाला.

मास्कच्या आत मला हसू आलं आणि लगेच रडूही. हात मोकळे नव्हते, म्हणून डोळे तसेच वाहू दिले. आम्ही तो मासा खड्ड्यात ठेवला, टाकला नाही — ठेवला, आणि दुसरा आणायला खाली उतरलो.