थर्मोकोलची फळी कोणी खाल्ली?

चहा प्यायला कितीसा वेळ लागतो? दहा मिनिटं. तेवढ्यात आमची फळी कोणीतरी खाऊन टाकली!

मी वल्लरी धुरी. वय अकरा, भीती शून्य. आमच्या गावच्या लाटपथकात नवी मुलं रविवारी निवडणार होते. अटी दोन. सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहायची फळी, स्वतः घरी बनवलेली हवी. आणि वय बाराच्या आत हवं. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात, म्हणजे हा रविवार हुकला की कायमचं दार बंद.

थर्मोकोल बनवणं तर केव्हाच बंद झालंय. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीतून मला कशाबशा दोन लाद्या मिळाल्या. पहिली मी तापलेल्या तारेने कापली, पॉलिशपेपरने घासली, पुढचं टोक जरा वर उचललेलं ठेवलं. मग आजोबांनी त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून होडीचं रेझिन (घट्ट होणारा चिकट रस) चोपडलं. आजोबा फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. आमच्याकडे पंखी नावाचा यंत्रमानवही आहे. पूर्वी तो समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायचा. रेझिन लावण्याआधीच तो काहीतरी सांगायला लागला होता, तर आजोबांनी त्याचं बटणच बंद केलं.

"चाळीस वर्सां होड्यो जोडतंय मी, माका शिकवतंस?"

आणि आता, चहा पिऊन येतो तर फळीला बशीएवढे खड्डे पडले होते. कापड आत खचलं होतं आणि खाली नुसता चिकट लगदा उरला होता.

"अगो, थर्मोकोल खंय गेला?" आजोबांनी खड्ड्यात बोट घालून पाहिलं.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं मोठ्याने रडले. मग नाक पुसलं आणि पंखीचं बटण सुरू केलं.

"ते रेझिन लावू नका," पंखीने अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

"वरातीमागून घोडं!" मी ओरडले. "कोणी खाल्लं ते सांग."

"तूच सांग. फणस कापताना हाताला चीक लागतो. तो पाण्याने जातो?"

"छे! खोबरेल तेल चोळावं लागतं."

"का?"

मी विचार केला. "चीक तेलकट, तेलही तेलकट. पाण्याशी त्याचं जमत नाही."

"बरोबर. सारख्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात. ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो, त्याला द्रावक म्हणतात. थर्मोकोल हे बहुवारिक (एकाच छोट्या रेणूची लांबलचक माळ) आहे. त्या माळेचा मणी म्हणजे स्टायरीन. आता होडीच्या रेझिनला इतका उग्र वास कशाचा येतो?"

"स्टायरीनचा?"

"हो. रेझिन पातळ राहावं म्हणून ते मिसळतात. मण्यांना माळ भेटली आणि माळा सुट्या होऊन वाहून गेल्या."

"पण एवढी जाड फळी दहा मिनिटांत?"

"फळी कसली! शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवाच. भिंती विरघळल्या, हवा उडून गेली."

होडीचा साचा लाकडाचा असतो, त्याला ते रेझिन काही करत नाही. म्हणून चाळीस वर्षांत आजोबांना हे कधी दिसलंच नव्हतं. ते हळूच म्हणाले, "चुकलंय मी, पंखी. आता उपाय सांग."

पंखीने आपल्या पोटातल्या कप्प्यातून दोन डबे काढले. पवनचक्कीच्या पात्यांना लावतात ते इपॉक्सी होतं. तेही रेझिनच, पण त्यात स्टायरीन नसतं.

"थांबा!" मी म्हटलं. एकच लादी उरली होती, मी कोणाच्या शब्दावर विसंबणार नव्हते, पंखीच्याही नाही. मी पहिली लादी कापताना उरलेले थर्मोकोलचे दोन तुकडे घेतले. एकावर जुनं रेझिन टाकलं, दुसऱ्यावर इपॉक्सी. हातमोजे घातले, तोंडावर मास्क चढवला आणि घड्याळ लावून बसले. पाच मिनिटांत पहिल्याला भोक पडलं. दुसरा तासाभरानेही जसाच्या तसा. वा रे पठ्ठ्या!

मग दुसरी लादी तशीच कापून घासली. गुरुवारी तिच्या एका बाजूला कापड आणि इपॉक्सी लावलं, शुक्रवारी दुसऱ्या. शनिवारी आजोबांनी फळी सरळ जावी म्हणून शेपटाकडे माशासारखे तीन पर घट्ट बसवले आणि मी वरून मेण चोळलं, म्हणजे ओला पाय घसरत नाही.

रविवारी लाटपथकाच्या सरमळकर मॅडमनी माझी फळी बोटाने ठोकून पाहिली. "थर्मोकोल? मग रेझिनने विरघळली कशी नाही?"

मी घडाघडा सगळं सांगितलं, फणसासकट. त्या हसल्या आणि समुद्राकडे बोट दाखवलं. "तीन लाटा देते. एकीवर तरी उभी राहा."

पहिल्या लाटेने मला उलटंपालटं केलं. दुसरीवर गुडघे टेकले आणि धप्पकन पडले. नाकात खारं पाणी गेलं. तिसरी आली. मी हातांनी जोरात वल्हवलं, एका उडीत पाय टेकले आणि उभी राहिले! फळी सरळ किनाऱ्याकडे सुसाट निघाली, आणि मी ओरडत होते, "आजोबाऽऽ!"

आजोबा धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे होते. मॅडमनी माझं नाव लिहून घेतलं तेव्हा आजोबांनी डोळे पुसले. मग फळी उचलून तिचं वजन हातांवर तोललं.

"वल्लरी, माझ्या मापाची फळी केवढी लागतली?"

"तुमच्या पोटाला? नऊ फूट तरी," मी म्हटलं. "पण थर्मोकोल संपलंय आजोबा. आता आपल्याला काहीतरी नवीनच शोधायला लागणार."

"मग शोधूया," आजोबा म्हणाले आणि पंखीला हाक मारत घराकडे निघाले.