पॉवर सप्लाय अजून आला नाही

"छत्री बाहेर ठेवा," हे त्याचे तिच्याशी बोललेले पहिले शब्द. प्रेमाच्या गोष्टीची ही काही फार शोभिवंत सुरुवात नाही, पण झाली ती अशीच झाली.

खरं तर ती त्या दुकानात यायचीच नव्हती. ती कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती आणि लॅबच्या प्रिंटरची शाई भरून घ्यायला शेजारच्या दुकानात आली होती. ते दुकान दुपारचं बंद होतं. पाऊस तिरपा येत होता, म्हणून ती दोन पायऱ्या चढून कॉम्प्युटरच्या ह्या दुकानात शिरली आणि काचेच्या कपाटापुढे थबकली. कपाटात कॉम्प्युटरवरचे खेळ झकास पळवणारं, दोन पंख्यांचं एक ग्राफिक्स कार्ड होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या छत्रीचं पाणी खाली रचलेल्या मदरबोर्डच्या खोक्यांवर ठिबकत राहिलं.

छत्री बाहेर ठेवून ती ओशाळून परत आली आणि काहीतरी बोलायचं म्हणून तिने कार्डाची किंमत विचारली. किंमत ऐकून तिचा चेहरा उतरला असावा, कारण काउंटरमागच्या तरुणाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"कामासाठी हवंय की खेळायला?"

"खेळायला," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. तोपर्यंत प्रत्येक दुकानदाराने तिला विचारलं होतं, भावासाठी का? ह्याने विचारलं, "कुठले खेळ?"

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्रश्नावर कुणी भाळतं का? भाळतं. तिचं तिला कळायला वेळ लागला, एवढंच.

तो दुकानमालकांचा भाचा. मालकांना अख्खी गल्ली मामा म्हणायची, त्यामुळे खरा भाचा कोण हे नव्या गिऱ्हाइकाला कळत नसे. कळायचं ते एका गोष्टीवरून: मामा आलेल्या माणसाला काहीतरी विकल्याशिवाय सोडत नसत, आणि भाचा आलेल्या माणसाला "थांबा" म्हणत असे. थांबा, पुढच्या महिन्यात ह्याची किंमत उतरेल. थांबा, एवढा भारी प्रोसेसर तुम्हाला लागणारच नाही. मामा गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावत. तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीने हे ऐकून त्याचं नाव थांबेसाहेब ठेवून टाकलं.

अख्खा कॉम्प्युटर जुळवायला तिने बेताचा आकडा सांगितला होता, तोही हळू आवाजात. तो हसला नाही. स्टूल पुढे ओढून त्याने तिला समजावलं, की पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही. प्रोसेसर मधला घेतला तरी चालेल. रॅमची एकच पट्टी पुरेल. जास्तीत जास्त पैसा ग्राफिक्स कार्डात. आणि पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटणाऱ्या त्या पेटीत, काटकसर अजिबात नाही. स्वस्तातला घेतला तर तो स्वतः जळतो आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. हे सांगताना तो इतका गंभीर झाला होता, की तिला हसू आवरेना.

ते दिवसच वेगळे होते. आता बोटाने फोनवर टिचकी मारली की सगळं घरपोच येतं. तेव्हा भाव विचारायला दुकानात जावं लागायचं आणि परवाचा भाव आज नसायचा. त्या अरुंद गल्लीत तापलेल्या सोल्डरचा वास दरवळायचा, वायरींची भेंडोळी दारांवर टांगलेली असायची आणि एका दुकानात नसलेली वस्तू आणायला पोरं तिसऱ्या दुकानात पळायची. एक कॉम्प्युटर जुळवायला महिने लागायचे, आणि लागले तरी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

लॅब शनिवारी अर्धा दिवस असायची. पगार झाला की ती एक भाग घेई, आणि पगार झालेला नसला तरी भाव विचारायला जाई. हळूहळू तिच्या पलंगाखाली मदरबोर्ड आला, मग प्रोसेसर, रॅमची पट्टी, मग हार्ड डिस्क. आई केर काढताना खोक्यांवर केरसुणी आपटे. नुसती खोकीच आणतेस, ह्यातून कॉम्प्युटर कधी निघणार, असं विचारे. ती म्हणे, थांब, किंमत उतरतेय. हे कुणाचं वाक्य आपल्या तोंडी आलं, हे लक्षात येऊन ती एकटीच लाजत असे.

ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या दिवशी त्याने ते आधी दुकानातल्या टेबलावर उघड्याच जोडलेल्या मशीनला लावून दाखवलं. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू केला. तिने सवयीने उजव्या हाताची बोटं फक्त बाणांच्या बटणांवर ठेवली आणि गाडी जागची हललीच नाही.

"गॅस कोण देणार?" त्याने विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. लहानपणी ती आणि दादा तासावर पैसे घेणाऱ्या एका दुकानात जायचे. दोघांत मिळून एकाच तासाचे पैसे असायचे, म्हणून एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचे. वळवायचं तिने, गॅस आणि ब्रेक दादाचा. दादा आता लांब, संसारात बुडालेला. फोन करतो, पण बोलण्यासारखं चटकन संपतं. तिला तो खेळ पुन्हा हवा होता. सांगता सांगता तिचा आवाज जरा ओला झाला.

स्टूल जवळ ओढून त्याने डावीकडच्या बटणांवर बोटं ठेवली आणि गॅस दिला. पहिल्याच वळणाला गाडी कठड्यावर आपटली. दुसऱ्या वळणाला तो ओरडला, "अगं वळव ना!" आणि लगेच जीभ चावून म्हणाला, "म्हणजे... वळवा."

गल्ल्यावरून मामा खोकले. ती स्क्रीनकडे बघत राहिली, पण त्यानंतर कुठली गाडी कुठे गेली हे तिला विचारू नका.

मग राहिलं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग आत बसवायचं बाहेरचं कवच, आणि पॉवर सप्लाय. कॅबिनेट तिने दोनदा नाकारलं. एकदा रंग डोळ्यांत भरला नाही म्हणाली, एकदा झाकणाची जाळी आवडली नाही म्हणाली. शेवटी तिसरं घ्यावंच लागलं. आता फक्त पॉवर सप्लाय. तोच हवा, दुसरा नको, असं त्याने बजावून ठेवलेलं, आणि तो काही केल्या येत नव्हता. ह्या शनिवारी नाही आला. पुढच्या शनिवारी मालाची गाडी अडकली. त्याच्या पुढच्या शनिवारी तो मान खाली घालून म्हणाला, "बघू... थांबा थोडं." तीही तोंड पाडून बरं म्हणाली आणि पायऱ्या उतरताना गुणगुणायला लागली.

गुणगुणणं घराजवळ येता येता थांबलं. कारण पॉवर सप्लाय आला की संपलं, हे तिलाही कळत होतं. सगळे भाग जुळलेल्या गिऱ्हाइकाने दुकानात का यावं? आणि तो तिच्यासाठी स्टूल ओढतो तसा सगळ्यांसाठीच ओढत असला तर? चांगला दुकानदार गोड बोलणारच. तिला त्या विचाराने रात्रभर नीट झोप लागली नाही.

पुढच्या बुधवारी लॅबमधला पाण्याचा पाइप फुटला आणि सगळ्यांना दुपारीच सुट्टी मिळाली. पाय आपोआप गल्लीकडे वळले. तो कुठल्याशा कचेरीत दुरुस्तीला गेला होता. काउंटरवर मामा होते. तिने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, पॉवर सप्लाय आला का?

मामांनी वाकून खालच्या फळीवरून खोकं काढलं, फडक्याने त्यावरची धूळ पुसली.

"आला का काय विचारता, दातवाल्या मॅडम? तीन आठवडे होत आले की. काल मी एकाला देऊ लागलो, तर माझ्याच दुकानात भाचा मला ओरडला, म्हणे तो ठेवलेला आहे." मामांनी बिल फाडलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मी आपलं म्हटलं, पोरगा धंद्यातून जाणार. पण हा प्रकार वेगळा दिसतोय."

तिने पैसे दिले, पेटी छातीशी धरली आणि बाहेर येऊन पायरीवर उभी राहिली. आधी तिला राग आला, आपल्याला तीन शनिवार खोटं सांगितल्याचा. तो राग पुरता वर यायच्या आतच तिला इतका आनंद झाला, की पायरीवर उभं राहणं कठीण झालं. घरी जाऊन चालणार नव्हतं. गेली असती तर शनिवारी त्याने काहीतरी सबब सांगितली असती, आणि तिने ती मान्य केली असती.

तो आला तेव्हा पावसाची बुरबुर सुरू झाली होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, केस कपाळाला चिकटलेले. तिच्या हातातलं खोकं बघून तो जागीच थांबला.

"मामांनी दिला," ती म्हणाली.

"हो... दिसतंय."

"मालाची गाडी अडकली होती ना?"

त्याचे कान लाल झाले. त्याने पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पहिल्याच दिवशी द्यायचा होता. खरंच. पण तुम्ही दारातून आत आलात आणि वाटलं, आज दिला तर पुढच्या शनिवारी..." तो अडखळला. "मला काही बोलता येत नाही हो. मला तुम्ही आवडता. पेटी लपवायला नको होती."

"पहिलं कॅबिनेट मला पाहताक्षणीच आवडलं होतं," ती म्हणाली. "दुसरंही."

हे डोक्यात शिरायला त्याला क्षणभर लागलं. मग तो असा हसला, की आतून मामांनी मान लांब करून बघितलं.

तिने खोकं त्याच्या हातात ठेवलं. जोडायला रविवारी घरी यायचं, सकाळी, आई असेल, आणि जरा बरा शर्ट घालून, असं तिने बजावलं. तो मान हलवत राहिला. मग काहीतरी हरवल्यासारखं त्याने विचारलं, "म्हणजे शनिवारी नाही येणार?"

"येणार ना."

"पण आता काय घ्यायचं राहिलंय?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "नुसतीच येणार आहे."