ऐंशीच्या वर

"बाळ गुलाबी दिसायला लागलं तर खूश होऊ नका, मला हाक मारा," भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या आधीच बजावलं होतं. त्या एवढ्याशा जिवाचं आतडं जन्मतःच बंद होतं, ते मोकळं करायचं होतं; आणि हृदयात दोन पंपांच्या जागी एकच. "एकाच पंपातून फुप्फुसांनी आणि शरीराने रक्त वाटून घ्यायचं. मॉनिटरवर ऑक्सिजन ऐंशी टक्के म्हणजे वाटणी बरोबर. वर गेलं, की कुणीतरी उपाशी राहतं."

आईने मान डोलावली आणि गोष्ट कानाआड केली. चांगली पदवीधर होती ती. शंभरापैकी शंभर कुणाला नको असतात?

ऑपरेशन नीट पार पडलं. श्वासाची नळी निघाली. काचेच्या पेटीत बाळ निजलं होतं, ओठ जांभळट, पोटावर पट्टी, पायाला लाल दिव्याची चिकटपट्टी. ऐंशी. एकोणऐंशी. ती आकड्यावरून नजर हटवेना.

नवऱ्याने पेटीच्या गोल खिडकीतून करंगळी आत सरकवली. बाळाने ती गच्च धरली.

"पकड बघ पठ्ठ्याची!"

आकडा चढू लागला. नव्वद. अठ्ठ्याण्णव. ओठ गुलाबी झाले.

"रंग बघ कसा उजळला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वळणावर गेलाय."

तिने हाक मारली नाही. डॉक्टरबाई आपणहून आल्या. बाहेरून द्यायचा ऑक्सिजन तर बंदच होता. त्यांनी बाळाचे पाय चाचपले, ऊबदार होते. हृदयाची सोनोग्राफी केली, पंप एकच.

"याचं शरीर तर उपाशी नाही," त्या पुटपुटल्या. "मग हे येतंय कुठून?"

"जरा बसतो गं, गरगरतंय," नवरा म्हणाला. तिने त्याची नखं पाहिली. शाईत बुडवल्यासारखी निळी. तो कोसळला, तेव्हा बाळाची मूठ सोडवायला नर्सला दोन्ही हात लावावे लागले.

स्ट्रेचरमागे सगळे धावले. पेटीपाशी दोघी सासू-सुनाच उरल्या.

सत्तर. साठ. यंत्र कोकलू लागलं.

तिने आपला हात खिडकीपर्यंत नेला. मग मागे घेतला. आपल्याला काही झालं तर याला बघणार कोण?

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोट देता का त्याला?"

"अगो बाई, आजीच हवी होती होय रे लबाडा!"

यंत्र गप्प झालं.

सासूबाईंनाही स्ट्रेचरवरून खाली नेलं.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी बाळाची पकड तपासली. त्यानंतर त्या दिसल्या नाहीत.

बाळाला दूध पचतंय. वजन वाढतंय.

आत्ता ती वॉर्डाच्या दारात उभी आहे. आत यंत्र पुन्हा कोकलतंय, नर्स आत जायला तयार नाही. तुम्ही सहज थांबलात, म्हणून ती तुमच्याकडेच वळते. डोळे रडून सुजलेत, पण आवाज अगदी आर्जवी.

"अहो, घाईत नाही ना? जरा आत जाऊन माझ्या बाळाकडे बघता का? एकटंच आहे हो. हात तेवढे धुऊन घ्या आधी. फार नाजूक आहे तो."