थापाडी आणि संस्थापकांचं नाक

“आता सांगते त्यावर तुमचा कोणाचा विश्वास बसणार नाही!” धापा टाकत थापाडी चित्रकलेच्या वर्गात घुसली.

“नाहीच बसणार,” खोडरबर म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. चित्र काढायचा कमी आणि खोडायचा जास्त, म्हणून हे नाव. “परवा तर तुला जिन्यात मगर भेटली होती.”

“पाल होती, पण मोठी होती! आधी ऐक तर! सभागृहात संस्थापकांचं तैलचित्र पुसायला उतरवून ठेवलंय ना? पर्यवेक्षकसरांनी त्याच्या शेजारीच बाटली गदागदा हलवली. झाकण उडालं आणि काळंभोर काहीतरी थेट संस्थापकांच्या नाकावर! मी दाराच्या फटीतून पाहिलं.”

“मग संस्थापक शिंकले असतील!” ढब्बू खदाखदा हसला. सुट्टीतल्या वर्गात डब्याखेरीज दुसऱ्या कशात त्याचं लक्ष नसे.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पर्यवेक्षक! त्यांनी खळ लावलेला एक कागद फळ्यावर थापला. खाली त्यांचा काळा गोल शिक्का होता.

“बाई, तुमच्या या रंगाऱ्यांनी संस्थापकांच्या तोंडावर काळ्या रंगाची ट्यूब पिळली! वर्ग बंद. मुख्याध्यापिका अकराला येताहेत, तोवर खोली रिकामी करा आणि दुसरी शाळा शोधा!”

या खोलीत मोडके बाक ठेवायचे, हे पर्यवेक्षकांनी वर्षभर मनात घेतलं होतं.

“काळ्या ट्यूबा मी पहिल्याच दिवशी काढून घेते,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. “सगळ्या माझ्या कपाटात कुलपात आहेत. काळा हवा असेल तर मुलं निळ्यात तपकिरी कालवून करतात.”

“मग तसला कालवून फासला असेल! मला चित्रकला शिकवू नका!”

“सर, तुम्हीच सांडलंत! मी पाहिलं!” थापाडी ओरडली.

पर्यवेक्षक हसले. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. “तुला सगळी शाळा थापाडी म्हणते ना? कोणाला खरं वाटतंय का रे हिचं?”

ढब्बू चपलांकडे बघत राहिला. पर्यवेक्षक शीळ घालत निघून गेले.

“तुझ्यामुळे बाई जाणार!” खोडरबर तिच्यावर खेकसला. “रोज थापा मारायला कोणी सांगितलं होतं?”

थापाडीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा खरा माल आणला होता आणि गिऱ्हाईक नाही!

बाईंनी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. “बोलू नकोस. काढ. जेवढं दिसलं तेवढंच. स्वतःचं काही घालायचं नाही.”

थापाडीचा हात सवयीनं संस्थापकांना शिंगं काढायला निघाला. तिनं तो आवरला. टेबल काढलं. त्यावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा, छोटी बाटली, बाटलीशेजारी चपटी उघडी डबी आणि लाकडी मुठीचं काहीतरी.

“ही डबी कसली?” बाईंनी विचारलं.

“माहीत नाही. होती, म्हणून काढली.”

खोडरबर कागदावर वाकला आणि पहिल्यांदाच त्यानं काही खोडलं नाही. “ताई! हे शिक्क्याचं पॅड आहे! ते रंग नव्हे, शिक्क्याची शाई सांडली!”

सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या. त्या कागदावरचा शिक्का अजून ताजा होता!

अकरा वाजता सभागृहात मुख्याध्यापिका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पर्यवेक्षकांचं तोंड सुरूच होतं. “ही मुलं म्हणजे टोळी आहे टोळी! आणि ती थापाडी तर—”

“तिचं काही ऐकूच नका,” बाई म्हणाल्या. “फक्त बघा.”

त्यांनी ओलसर टीपकागदाचे तीन तुकडे घेतले. पहिला मुलांच्या काळ्या रंगाला टेकवला. डाग पसरला आणि कडेला निळा, तपकिरी असे दोन रंग सुटले. दुसरा त्यांनी अगदी हलक्या हातानं संस्थापकांच्या नाकाला लावला. कडेला जांभळा! तिसरा फळ्यावरून काढून आणलेल्या कागदाच्या शिक्क्यावर दाबला.

जांभळा! हुबेहूब तोच!

“सर,” मुख्याध्यापिका थंडपणे म्हणाल्या, “शिक्का कोणाच्या ताब्यात असतो?”

“म्हणजे... झाकणच ढिलं होतं... मी मुद्दाम नाही...”

“सांडणं चूक झाली. मुलांवर ढकलणं हा नीचपणा झाला. या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागा. संस्थापकांचं नाक तुमच्या खर्चानं दुरुस्त होईल. वर्ग चालू राहील आणि बाई इथेच राहतील.”

पर्यवेक्षकांनी दात-ओठ खात माफी मागितली. मुख्याध्यापिकांनी थापाडीचं चित्र हातात घेतलं. “एक रेघही जास्तीची नाही. शाबास! असे डोळे हवेत.”

दुपारी सगळी मुलं तिच्याभोवती गोळा झाली. थापाडीनं ओढणी मागे टाकली.

“मला काय, भीती कसली ती माहीतच नाही! पर्यवेक्षक पळून जायला लागले, तशी मी झेप घेतली, त्यांचा हात पकडला, पिरगळला आणि म्हटलं, खबरदार! तेव्हा तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबलं—”

“खोटं!” खोडरबर ओरडला. “साफ खोटं! तू सगळा वेळ ढब्बूच्या पाठीमागे लपली होतीस!”