फोनवाला गेम

मकरपुऱ्यात सकाळची शिफ्ट लागली, कंपन्यांच्या बसगाड्या माणसं ओतून निघून गेल्या, की चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जरा उभं राहायला जागा होते. तेव्हा सलील दोन अडधी, म्हणजे अर्धे अर्धे चहा घेऊन जिना चढायचा, एक रणवीरच्या पुढ्यात ठेवायचा आणि दुसरा हातात धरून रिव्ह्यू वाचायला बसायचा. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर या दोघांचं ऑफिस. ऑफिस कसलं! दोन कॉम्प्युटर, कुरकुरणारा पंखा, हिरवं रेक्झिन ठोकलेलं एक लांबलचक टेबल, आणि सगळ्याला लोखंडाच्या भुशाचा वास.

रिव्ह्यू हाच त्याचा नाश्ता होता म्हणा ना. लोक काय वाट्टेल ते लिहितात. 'टाइमपास नंबर वन.' 'मगरवाळो लेवल बहु हार्ड छे भाई.' 'पोरगी अभ्यास सोडून हेच खेळत बसते, बंद करा तुमचं दुकान.' कुणी पाच तारे देऊन शिव्या घालणार, कुणी एकच तारा देऊन लिहिणार की खेळायच्या नादात भात करपला. सलील मोठ्याने वाचायचा आणि रणवीर स्क्रीनवरची नजर न काढता हसायचा.

त्यांच्या गेमचं नाव 'चल चटकन'. पाच-पाच सेकंदांचे चिमुकले खेळ, एकामागून एक, पार धाप लागेस्तोवर. दूध उतू जायच्या आत गॅस बंद कर. विश्वामित्री नदीतल्या मगरीच्या आधी चेंडू उचल. सेव-उसळीवर तर्री ओत, पण सांडलीस तर गेलास. गरब्यातली टाळी चुकवू नकोस. प्रत्येक खेळाआधी एक बाई खेकसते, "चल, चटकन!" आणि पाठोपाठ एकच हुकूम. पकड! ओत! झाक! उचल! लोकांना सगळ्यात आवडायचा तो हाच आवाज. 'माँजीनो अवाज सुपर छे.' 'ही बाई डिट्टो माझ्या आईसारखी ओरडते.'

ती बाई सलीलची आई होती. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये, रिक्षांचे भोंगे रेकॉर्डिंगमध्ये येऊ नयेत म्हणून, कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये डोकं खुपसून तिने ते हुकूम सोडले होते. "शेजारचं कुणी आलं ना, तर मला वेड्यांच्या इस्पितळात घालतील," असं म्हणत हसून हसून बेजार झाली होती. दुधाचा आवाजही खराच हवा, हा सलीलचा हट्ट. त्याने पातेलंभर दूध मुद्दाम उतू घालवलं आणि ते उतरवताना अंगठा भाजून घेतला. आईने आधी तूप लावलं, मग धपाटा घातला. तो डाग अजून होता.

गेम लोकांच्या हातात पडायच्या आधीच आई गेली. एका दुपारी, घरात एकटी असताना. शेजारच्या मंदामावशींना ती गॅलरीत पडलेली दिसली. तिच्या हातातला फोन कठड्यावरून खाली पडला होता आणि त्याचा पार चुरा झाला होता. म्हणजे तिला कुणाला तरी बोलवायचं होतं. कुणाला? सलीलच्या फोनवर त्या दुपारी मंदामावशींच्या आधी कुणाचाच कॉल नव्हता. त्याने कितीदा तरी पाहिलं. शेवटच्या घटकेला तिला माझी आठवणच झाली नाही? पोटचा एकुलता एक पोरगा असून? तो तिच्यावर रागावला होता, अगदी मनापासून रागावला होता, आणि गेलेल्या माणसावरचा राग ठेवायचा कुठे हे त्याला कळत नव्हतं.

तसं आई फोन कमीच करायची. तिची एक जुनी रीत होती, कॉल महाग होते त्या काळातली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. दोन रिंगा आणि बंद. म्हणजे पानं घेतलीत, दोघंही या. दोघं म्हणजे सलील आणि रणवीर. शाळेपासून रणवीर निम्मा तिच्याच हातचा जेवलेला. पूर्ण रिंग वाजली तर मात्र काहीतरी खरंच असायचं. रणवीरचे पप्पा, दिनकरराव, त्यांची तऱ्हा वेगळी. मुलगा दिवसभर मीटिंगमध्येच असतो अशी त्यांची ठाम समजूत, त्यामुळे ते दिवसा चुकूनही फोन करत नसत.

तर एक दिवस सलीलने वाचलं: 'बाकी झक्कास, पण फोनवाला गेम जिंकताच येत नाही. चीटिंग आहे राव.'

"फोनवाला कुठला रे?" त्याने विचारलं. "आपण फोनचा काही केलाय?"

"दुसऱ्या कुठल्या गेमचा रिव्ह्यू असेल," रणवीर म्हणाला. "डोळे मिटून लिहितात लोक."

पण दोन दिवसांनी पुन्हा. 'फोनवाळा लेवलमां बग छे. टॅप करूं छूं, कंई थतुं नथी.' मग आणखी कुणीतरी: 'फोन उचलायला गेलं की मध्येच कोणीतरी हात घालतं. अनफेअर.' कुणी सुरतेचा, कुणी नडियादचा, कुणी इथलाच, रावपुऱ्यातला. एकमेकांना ओळखणारी माणसं नव्हती ती.

गेममधलं एकूण एक चित्र सलीलने स्वतः काढलेलं. त्याने सगळ्या फायली उपसल्या, फोन कुठेच नव्हता. मग तो खेळतच बसला. बोटं दुखली, दूध उतू गेलं, मगरीने चेंडू गिळला, फोन काही आला नाही. शेवटी वैतागून तो खाली वर्कशॉपमध्ये गेला आणि लेथवरच्या विश्रामच्या हातात मोबाइल दिला. "जरा खेळ रे."

विश्रामने हात पुसले आणि खेळायला लागला. आईचा आवाज ओरडत होता, ओत, पकड, झाक. सलील मशीनवरचा तेलाचा डबा बाजूला सरकवत होता, तेवढ्यात विश्राम म्हणाला, "अरे वा! तुमचं वरचं टेबलच घातलंय की."

"काय?"

"तेच ना, हिरवं रेक्झिन. कोपरा फाटलेला. आणि फोन वाजतोय."

सलील धावत त्याच्या खांद्याशी आला. स्क्रीनवर मगर जबडा वासून बसली होती.

"गेला," विश्राम म्हणाला. "हरलो. कुणाचा फोन होता पण? 'आई' लिहिलं होतं."

सलील मोबाइल हिसकावून जिन्याकडे वळला. वर येईपर्यंत त्याचं डोकं तापलं होतं. चित्रं त्याची असली तरी कोड लिहून ती चालवणारा हात रणवीरचा. त्याच्याशिवाय हे घालणार कोण?

"आईच्या नावाने लोकांना घाबरवतोयस? तारे कमी पडले का तुला?"

रणवीरचा चेहरा पांढराफटक पडला. "काकूंच्या नावाने मी असलं काही करेन? आईशप्पथ, मी नाही घातलं." मग म्हणाला, "सल्या, आपण गेमच काढून टाकू या. बंदच करू."

इतकी वर्षं घासून उभा केलेला, आत्ता कुठे चालायला लागलेला गेम. आणि हा म्हणतो काढून टाकू. सलीलला ते खटकलं. रागापेक्षा जास्त खटकलं.

फोनबद्दल लिहिणाऱ्यांत करजणची एक भक्ती नावाची मुलगी होती. तिच्या रिव्ह्यूखाली सलीलने लिहिलं, 'नक्की काय दिसतं, जरा सविस्तर सांगाल का? दुरुस्त करू.' दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, तिने आपला रिव्ह्यू बदलून लांबलचक लिहिलं होतं. रणवीर शेजारीच बसला होता. सलीलने हा मात्र मोठ्याने वाचला नाही.

'हिरव्या टेबलावर फोन थरथरतो. मागे कोणीतरी पाठमोरं बसून लॅपटॉपसमोर इंग्लिशमध्ये बोलतंय. स्क्रीनवर आई. मॅडमचा आवाज येतो, उचल! मी टॅप करायच्या आत उजवीकडून एक हात येतो आणि फोन पालथा घालतो. मनगटावर काळा दोरा. करंगळी वाकडी. फोन पालथा पडूनही वाजतच राहतो. थांबतो, पुन्हा वाजतो. मॅडम पुन्हा म्हणतात उचल, पण आवाज बसत जातो. रेकॉर्डिंग खराब आहे का? मग तोच हात फोन उचलतो आणि काहीतरी पुसतो. गेम ओव्हर. यात खेळणाऱ्याने करायचं काय?'

सलीलने दोनदा वाचलं. मग शेजारी पाहिलं. कीबोर्डवर रणवीरचा उजवा हात होता. काळा दोरा. सातवीत असताना सोसायटीच्या मैदानात क्रिकेट खेळताना मोडलेली, वाकडीच जुळलेली करंगळी. प्लास्टर घालायला त्याला सलीलची आईच घेऊन गेली होती.

"रणवीर. आईचा फोन आला होता?"

रणवीरने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर घेतला, आणि तेवढ्यातच सलीलला उत्तर मिळालं.

"गेममध्ये पैसे घालणार होते त्या बंगळूरवाल्यांचा कॉल चालू होता," रणवीर म्हणाला. "तू बोलत होतास. पहिल्यांदा कोणीतरी आपलं ऐकून घेत होतं, सल्या. मला वाटलं, जेवायचा मिस्डकॉल आहे."

"जेवायच्या दोन रिंगा असतात."

"हो."

"दोनवर थांबला?"

रणवीर मनगटावरच्या दोऱ्याची गाठ फिरवत राहिला.

"पुन्हा वाजला ना? पालथा घातल्यावर पुन्हा वाजला."

"मला वाटलं, कॉल संपला की सांगतो. आणि मग मंदामावशींचाच फोन आला." तो आपल्या हाताकडे बघत होता. "कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"म्हणून पुसलंस."

"हो."

याने आईला खांदा दिला होता. दहाव्याला काकस्पर्श होईना तेव्हा हाच हात जोडून पुटपुटत उभा होता. माझी आई मला विसरली म्हणून मी याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो, आणि हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. हाच हात.

"आणि मी तिच्यावर रागावलो," तो म्हणाला. "वर्षभर. तू रोज बघत होतास मला."

"मार मला," रणवीर म्हणाला. "काहीतरी कर."

सलीलने काहीच केलं नाही. रणवीर उठला, तोंड धुऊन येतो म्हणाला आणि खालच्या नळाकडे गेला. त्याचा फोन टेबलावर तसाच राहिला.

सलीलने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. कुठेतरी बघायचं म्हणून. भक्तीच्या रिव्ह्यूखाली नव्या ओळी आल्या होत्या.

'नवीन अपडेट आलं वाटतं. थँक्यू!'

त्यांनी कुठलंही अपडेट दिलं नव्हतं.

'आता फोन दुसरा आहे. स्क्रीनवर पप्पा येतं. हातपण दुसऱ्याचा आहे, अंगठ्यावर भाजल्याचा डाग. पण सर, जिंकता अजूनही येत नाही.'

हिरव्या रेक्झिनवर रणवीरचा फोन थरथरला.

पप्पा.

भर दुपारी. दिनकरराव दिवसा कधी फोन करत नसत.

एक. दोन. फोन थांबला नाही.

सलील उठला. उचलायलाच उठला होता तो, कुणाचीही शपथ घ्यायला तयार होता. त्याच्या खिशातला मोबाइल बंद होता, गेम बंद होता, तरी तिथूनच, साड्यांच्या घड्यांमधून यावा तसा, आवाज आला.

"चल, चटकन! उचल!"

आवाज स्वच्छ होता. अजून बसलेला नव्हता.

थरथर थांबली. पुन्हा सुरू झाली. मग कधीतरी पुन्हा थांबली. जिन्यावर चपला वाजल्या आणि रणवीर ओल्या तोंडाने दारात उभा राहिला.

"माझा फोन वाजला का रे?"

सलीलने खाली पाहिलं. फोन पालथा होता. त्याच्यावर एक अंगठा होता, डागाचा.

"नाही," सलील म्हणाला.