मार्थाचं पेज कुणी पुसलं?

मीरा चुरीच्या मनवेलपाड्यातल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात बहुधा लग्नाआधीच्या चौकशा येत. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का. आत्माराममामा या चौकशांना पार विटले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर भाचीला मदत म्हणून ते येऊ लागले, आणि माणसांविषयी जे कळायला नको तेच कळत गेलं. म्हणून क्षितिजा सावे आत येऊन "माझ्या वर्गात चोरी झालीय" म्हणाली, तेव्हा मामांना जरा बरंच वाटलं.

"काय गेलं?" मीराने विचारलं.

"मार्थाआंटींचं पेज."

क्षितिजा वसईच्या पापडीत घरगुती धंदा करणाऱ्या बायकांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट शिकवायची. मार्था लोपीस तिची सर्वांत हौशी विद्यार्थिनी. आंटींचा बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला आता पार नाशिकपर्यंत जायचा, तो या पेजमुळेच. गेल्या वर्गात चहाआधी सगळ्यांनी आपापली पेजेस उघडून पाहिली. नेहमीप्रमाणे फोन खिडकीत चार्जिंगला लावून सगळ्या मागच्या अंगणात चहाला गेल्या. परत येऊन बघतात तर मार्थाचं पेज पुसलेलं.

"परत आणता येतं," क्षितिजा म्हणाली. "पण थोडेच दिवस मुदत असते, आणि आंटी ते परत आणायला तयार नाहीत. दुश्मनी करणाऱ्या बायकांत बसणार नाही म्हणतात. बाकीच्या म्हणतात, म्हातारीनेच चुकून पुसलं."

"फोनला कुलूप होतं?"

"बोटाचं. मीच सगळ्यांना घरचा अभ्यास दिला होता, आपलं बोट नोंदवून या म्हणून. पेज पुसायचं तर पुन्हा बोट मागतं, आकडे चालत नाहीत."

"मग आंटींनीच पुसलं," मामा म्हणाले. "प्रश्न मिटला."

मीरा नुसती हसली आणि तिने पर्स उचलली.

पापडीत मार्था वर्गाच्या हॉलच्या पायरीवर बसली होती. मिरच्या भाजून, कुटून बोटांची टोकं गुळगुळीत, तांबूस झालेली.

"उशीर झाला," ती कुरकुरली. "रेशनच्या मशीनने परत पाठवलं. दर महिन्याला तेच. मग लेकीला, ॲंजेलाला बोलवायचं, तिने कामाला दांडी मारायची."

मामांनी मान डोलावली. रेशनच्या रांगेत त्यांचाही जीव जायचा.

"पुसलं तेव्हा फोनवर काय दिसत होतं?" मीराने विचारलं.

मार्थाने हाताचा आडोसा करून फोनवर आकडे दाबले आणि रिकामं पेज दाखवलं. "मी नाही गो पुसलं. मी येडी नाही. हंसाने केलं असेल, नाहीतर जोआनाने."

हंसा सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकायची. विचारल्यावर ती भडकली. "तिने माझ्या सुकेल्यांचा फोटो आपल्या पेजवर टाकला, म्हनून मी बोलले. तोंडावर बोलले! पाठीमागून कोन करतं असलं? मी चहा गाळत होते, विचारा कुनालाही."

जोआना मार्थाची जाऊ, केक करणारी. तिची खुर्ची खिडकीलगतच होती. "मला तिचा हेवा वाटतो," ती सरळच म्हणाली. "वाटला म्हणून काय झालं? तिचा फोन मला उघडणार आहे का? आणि चहाला मी बाहेरच होते. ॲंजेलाने तळलेल्या फुग्यांचं पातेलं आणलं, ते आत ठेवून ती आली, मग आम्ही फुगे वाटले."

ॲंजेला वसईतल्या एका दवाखान्यात नर्स. डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने फारसं काही सांगितलं नाही. "पेज गेल्यापासून मम्मी जेवून झोपते तरी," एवढंच म्हणाली. पोरगी वाईटातून चांगलं शोधतेय, असं मामांना वाटलं.

मीराने सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"मार्थाआंटी, फोन बोटाने उघडा."

मार्थाने बोट पुसून घेतलं. मग ते टेकवलं. फोन उघडला नाही. दुसरं टेकवलं, तरीही नाही.

"मामा, बोटाने उघडणारा फोन असताना त्या मघाशी आकडे का दाबत होत्या?"

मामांना एकदम चपापल्यासारखं झालं. ते समोरच तर उभे होते.

"रेशनचं मशीन त्यांना परत पाठवतं," मीरा म्हणाली, "कारण मसाल्याने बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. तिथे ॲंजेलाचं बोट लागतं. मग घरचा अभ्यास कुणाच्या बोटाने झाला असेल? पेज पुसायला आकडे चालत नाहीत. म्हणजे आंटींना ते स्वतःच्या हाताने पुसताच आलं नसतं. हंसाताईंना नाही, जोआनाताईंनाही नाही. ज्या बोटाला जमलं असतं, ते सगळ्या अंगणात असताना पातेलं ठेवायला एकटंच आत आलं होतं."

ॲंजेला उठली. तिने आईच्या हातातून फोन घेतला आणि अंगठा टेकवला. फोन उघडला.

"सगळ्यांची बोटं लागली, माझीच लागेनात," मार्था पुटपुटली. "लाज वाटली म्हणून हिचं दिलं. पण हिचा संशय... ही तर माझीच."

"घरी फोन तू हातातून सोडत नव्हतीस," ॲंजेलाचा आवाज फाटला. "बसल्या बसल्या झोपायचीस, हात जळायचे, जेवण तसंच राहायचं. मी सांगितलं तर म्हणायचीस, थांब, ही एवढी ऑर्डर बघते. मी दिवसभर पेशंट बघते ग मम्मी. घरी येऊन आणखी एक बघायचा माझ्यात जीव नाही उरला."

हंसाने तोंड फिरवलं. गुन्हेगार सापडला की मामांना हायसं वाटायचं. आज त्यांना नुसतं थकल्यासारखं झालं, आणि या पोरीला कुणीतरी दोन दिवस झोपू द्यावं असं मनापासून वाटलं.

मार्थाने लेकीचा हात धरला.

"मी जन्मभर दमलेय, बाय," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या वाडीत दमले. लोकांच्या लग्नांत चुलीपुढे दमले. तिथे कुणी विचारलं नाही, ही कोण म्हणून. त्या पेजवर माझं नाव होतं. दमायचंच आहे तर निदान नावाने दमू दे."

ॲंजेला खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. मार्थाने ते थोपटलं, आणि तशीच क्षितिजाकडे वळली.

"परत येईल ना ते?"

"येईल, आंटी."

"मग रविवारी बंद, आणि दिवेलागणीनंतर ऑर्डर नाही. असं लिहिता येतं का त्यात?"

"येतं," ॲंजेला डोळे पुसत म्हणाली. "दे, मी लिहिते."

"तू नको," मार्था म्हणाली. "कुठे लिहायचं ते दाखव. मी लिहिते."