प्रेक्षक फक्त एक

“साडेसहाचं साडेसात कोणी केलं?”

दारातून आत आलेल्या माणसाने हा प्रश्न अख्ख्या कार्यालयाला विचारला, आणि अख्ख्या कार्यालयाने पाठ केल्यासारखं खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे कॅलेंडर बसला होता. खरं नाव त्याच्या आईला आणि हजेरीपत्रकाला ठाऊक. बाकी सगळ्यांचा तो कॅलेंडर, कारण शहरात कधी, कुठे, काय चालू आहे हे त्याला तोंडपाठ असे. नाटक असो, गाण्याची मैफल असो की चित्रांचं प्रदर्शन. दर शुक्रवारी वर्तमानपत्राच्या सहाव्या पानावर ‘या आठवड्यात’ हे सदर येई, ते त्याचं. बारा नोंदी, प्रत्येक नोंद चार ओळींची. एवढंसंच काम, पण लोक त्यावर विसंबून कपडे घालून घराबाहेर पडत.

“काल पडदा उघडला तर समोर सहा माणसं,” तो माणूस टेबलापाशी येऊन म्हणाला. “सहा! त्यातले दोन आमच्या नायिकेचे आईवडील. बाकीचे तासाभराने आले, तुमचा पेपर हातात घेऊन.”

“चूक... माझीच आहे,” कॅलेंडर म्हणाला. “तुम्ही नट आहात का?”

“छे, मी अंधारात बसतो. दिवे लावतो.” आणि भांडायला आलेला तो माणूस चक्क हसला. बाहीवर जळाल्याचा छोटासा डाग, कपाळावर घाम, आणि हसू असं की कॅलेंडरच्या काळजाचा ठोकाच चुकला.

“दुरुस्ती छापतो पुढच्या शुक्रवारी.”

“दुरुस्तीचं काय लोणचं घालू? तुम्हीच या बघायला. साडेसहाला. घड्याळातल्या हं, तुमच्या सदरातल्या नाही.”

तो गेला आणि कॅलेंडर बराच वेळ पुढ्यातल्या कागदाकडे नुसता बघत राहिला. आनंद झाला होता म्हणावं, तर तळहातांना घाम फुटला होता.

आता हा घाबरण्याचा भाग आधी सांगून टाकलेला बरा. कॅलेंडरला पुरुष आवडत. हे त्याला सोळाव्या वर्षी कळलं होतं आणि आता तो एकतिसाव्यात होता. मधली पंधरा वर्षं त्याने ही गोष्ट जपली ती श्वास रोखून. जाहिरात विभागातल्या एकाबद्दल अशीच कुजबुज सुरू झाली होती. कोणी काही म्हणालं नाही, फक्त त्याच्या टेबलाशी चहा प्यायला जाणं एकेकाने बंद केलं, आणि तीन महिन्यांत ती खुर्ची रिकामी झाली. घरी दादा टीव्हीवर असं काही दिसलं की “बंद कर रे ते,” म्हणायचा. आई काहीच बोलायची नाही. दादा लग्न करून दुसऱ्या गावी गेला, घरात मायलेकच उरले, पण आईचं ते न बोलणं कॅलेंडरच्या मनातून गेलं नाही. ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी ती आपल्याशीही अशीच बोलायची थांबेल, याचीच त्याला खरी धास्ती.

तरीही तो नाटकाला गेला. एकदा गेला, मग दुसऱ्यांदा, मग दर शनिवारी.

प्रेक्षागृहाच्या मागे, वरच्या अंगाला दिव्यांची खोली होती. खोली कसली, दोन स्टुलं मावतील एवढा खोका! समोर काच, काचेखाली सरकत्या बटणांची रांग. दिवेवाला एका स्टुलावर, कॅलेंडर दुसऱ्यावर, आणि गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून कॅलेंडरची सारखी कसरत.

“एवढे आक्रसून का बसता? चावत नाही मी.”

“नाही... तसं काही नाही.”

“हा धरा. हा पहाटेचा दिवा. नायिका खिडकीपाशी गेली की हळू वर न्यायचा. दहा मोजत.”

कॅलेंडरने बटण धरलं. बटण पुढेमागे सरकत राहिलं. खाली नायिकेच्या खिडकीत पहाट दोनदा होऊन दोनदा मावळली. तेव्हा दिवेवाल्याने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून ती पहाट वर नेली. दहा मोजून झाले. हात तसाच राहिला, अकरा, बारा...

“तुझा हात गार पडलाय,” दिवेवाला म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा चहा पिताना दिवेवाला सहज म्हणाला, “माझा आधीचा जोडीदार होता ना, त्याला नाटकाचा भारी कंटाळा.” त्याला, असं म्हणाला. घरी बहिणीला सगळं ठाऊक आहे, असंही म्हणाला. मग तो थांबला. आता तू बोल, असं ते थांबणं होतं. कॅलेंडरच्या जिभेवर शब्द आले, आणि त्याने विचारलं, “तुमचा पडदा कुठल्या कापडाचा आहे?”

दिवेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. “मखमलीचा,” तो म्हणाला आणि कप विसळायला गेला.

असे तीन महिने गेले. मग बातमी आली की नाटकमंडळी रविवारी सकाळी दौऱ्यावर निघणार. आठ महिने, गावोगाव. “शनिवारी संध्याकाळी मोकळा आहे मी,” दिवेवाला म्हणाला. “कुणाला काही सांगायचं असलं तर...”

“हो, हो. प्रवास नीट कर,” कॅलेंडर म्हणाला, आणि घरी जाताना रस्ताभर स्वतःला शिव्या घालत राहिला.

गुरुवारी सदराचं पान लागायचं. त्या दिवशी बारावी नोंद अडली होती. एका प्रदर्शनाचं नक्की होत नव्हतं. अशा वेळी कॅलेंडर जागा मोजायला एक खोटी नोंद लिहून ठेवी आणि तिच्या आधी तीन तारे टाकी. पान लावणाऱ्या ताईंना ठाऊक असे, तारे म्हणजे खोटं. एरवी तो तिथे अमुक-तमुक काहीही खरडायचा. त्या दिवशी बोटं आपोआप चालली:

‘शनिवार, सायं. ६. सांगायचं राहिलं. एकपात्री. बागेतल्या तळ्याकाठी, तिसरा बाक. कलाकार: एक भित्रा माणूस. प्रेक्षक: फक्त एक, दिवेवाला. प्रवेश विनामूल्य.’

मजकूर पाचव्या ओळीत सांडला. तारे काढले तर चारात बसेल का? त्याने तारे काढले. बसला! तेवढ्यात संपादकांनी हाक मारली, तो आत गेला आणि तासभर तिथेच अडकला. प्रदर्शन रद्द झाल्याचा फोनही तिथेच आला. त्याने आतूनच ताईंना कळवलं, “तारेवाली नोंद काढा, तिथे फोटो टाका.” ताईंनी तारे शोधले. एकही दिसेना. बारा नोंदी जागच्या जागी होत्या. म्हणजे यानेच बदललेली दिसतेय, असं म्हणून त्यांनी पान पुढे पाठवलं आणि त्या घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी आई भिंग घेऊन बसली. लेकाचं सदर पहिल्या नोंदीपासून बाराव्यापर्यंत मोठ्याने वाचायचं हा तिचा शिरस्ता. कॅलेंडर समोर चहा पीत होता.

“...सांगायचं राहिलं. एकपात्री. बागेतल्या तळ्याकाठी...”

कॅलेंडरच्या हातातला कप बशीवर आपटला. आई वाचता वाचता थांबली. तिने भिंग पदराने पुसलं आणि उरलेल्या दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या.

“हे बरं दिसतंय. तळं काही लांब नाही. येईन म्हणते मी.”

“अगं, नको... डास असतात तिथे!”

“असू देत,” आई म्हणाली आणि पेपरची घडी घातली.

कार्यालयात पाय ठेवतोय तोच संपादकांनी विचारलं, “कॅलेंडर, ही बारावी नोंद कुठल्या संस्थेची रे? फोन नंबरसुद्धा नाही.”

“नवीन... नवीन संस्था आहे.”

“मग उद्या जाऊन ये आणि मला दोनशे शब्द लिहून दे. खोटं निघालं तर मात्र सदर तुझ्याकडे राहणार नाही. लोक आपल्या भरवशावर घराबाहेर पडतात.”

कॅलेंडरची पाचावर धारण बसली. गेलो तर सगळ्यांसमोर उघडा पडणार. नाही गेलो तर सदर जाणार. आणि दिवेवाल्याने वाचून, आशेने येऊन, रिकामा बाक पाहिला तर? की वाचून तो खो खो हसला असेल? की चिडला असेल? सगळ्या शहराच्या देखत त्याला ‘प्रेक्षक’ करून ठेवलं होतं, विचारायची सोय न ठेवता. दिवसभरात त्याने फोन चाळीस वेळा तरी उचलून पाहिला. निरोप नव्हता. स्वतःहून फोन करण्याचं धैर्य असतं तर ही नोंदच कशाला लिहावी लागली असती!

शनिवारी पावणेसहाला तो तळ्याकाठी पोचला. तिसऱ्या बाकापाशी अकरा माणसं आधीच हजर होती. दोन निवृत्त शिक्षिका, घडीची खुर्ची घेऊन आलेले एक आजोबा, एक जोडपं, वही घेतलेल्या चार कॉलेजकन्यका, त्याच्याच इमारतीतले एक काका, आणि बाकाच्या टोकाला, हातात पेपरची घडी घेऊन, आई. दिवेवाला कुठेच नव्हता.

सहा वाजले. मग सहा दहा. तळ्यात बदकं होती, तीही याच्याकडेच बघताहेत असं त्याला वाटू लागलं. तो आला नाही. येणारही नव्हता. वाचलं असेल, आणि सामान बांधायला बसला असेल.

“अहो, सुरू कधी होणार?” खुर्चीवाले आजोबा म्हणाले. “हे काका म्हणाले, तुम्ही पेपरवाले. कलाकार कुठाय?”

“कलाकार...” कॅलेंडर उभा राहिला. “कार्यक्रम... म्हणजे... काही अपरिहार्य कारणामुळे...”

पुढचा शब्द ‘रद्द’. आयुष्यभरात त्याने हा शब्द शेकडो वेळा छापला होता. आता तो तोंडातून निघेना. सगळे बघत होते. इमारतीतल्या काकांनी चष्मा सावरला, कॉलेजकन्यका एकमेकींच्या कानाला लागल्या, आणि धरणीने पोटात घ्यावं असं कॅलेंडरला अगदी मनापासून वाटलं.

तेव्हा आई उठली.

“काय हो, वाचून येता की नुसते येता?” तिने पेपर उघडून आजोबांसमोर धरला. “इथे स्वच्छ छापलंय. प्रेक्षक फक्त एक. तुम्ही दिवेवाले आहात?”

“मी? मी पोस्टात होतो.”

“आणि तुम्ही?” काकांनी नकारार्थी मान हलवली. आई म्हणाली, “मग आपण इथे कशाला बसलोय? चला, उठा सगळे. दारापाशी आइस्क्रीम मिळतं. माझ्याकडून.”

कुरकुर झाली, पण आइस्क्रीमपुढे फारशी टिकली नाही. माणसं उठली. आई शेवटी निघाली. कॅलेंडरला तिच्या तोंडाकडे बघवेना.

“आई... तुला...”

“तीन महिने जेवताना मी दिव्यांबद्दलच ऐकतेय,” ती हळू म्हणाली. “पहाटेचा दिवा, संध्याकाळचा दिवा. एवढं कोणी दिव्यांवर प्रेम करत नाही रे.” तिने पेपरची घडी बगलेत मारली. “मला भीती वाटते. लोकांची, तुझ्यासाठी. खोटं कशाला बोलू? पण तू मला घाबरून बसायचं नाही, कळलं? आणि जेवायला किती जण ते फोन करून कळव. आयत्या वेळी माझी धांदल होते.”

ती गेली. कॅलेंडर बाकावर बसला आणि त्याला रडू आलं. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते होऊन गेलं होतं, आणि तळं होतं तिथेच होतं. पण मग राहिलेली भीती एकदम मोठी झाली. आई मिळाली, आणि तो आलाच नाही तर? त्याने डोळे पुसून घड्याळ पाहिलं. सहा एकोणतीस.

बरोब्बर साडेसहाला वाटेवर पावलं वाजली. दिवेवाला आला. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, बाहीवर डाग नाही.

“कुठे होतास?” कॅलेंडर जवळजवळ ओरडलाच. “सहा छापलं होतं!”

“हो ना. आणि तुझ्या सदरातली वेळ कधी खरी असते?” तो शेजारी बसला. “तासाभराची चूक करतोस तू. म्हटलं, सहा की सात? मधला मार्ग काढला. खरं सांगू... सव्वापाचपासून त्या झाडामागे होतो. ही एवढी माणसं बघून घाबरलो.”

“तू? घाबरलास?”

“मग काय तूच घाबरायचं? मक्तेदारी आहे तुझी?” त्याने गुडघा जवळ आणला. या वेळी कॅलेंडरने आपला बाजूला घेतला नाही. “हं. प्रेक्षक आलाय. कर सुरू.”

कॅलेंडरने तोंड उघडलं. “मला... तू आवडतोस,” तो म्हणाला. “त्या दिवशी भांडायला आलास तेव्हापासून. आणि पडद्याचं कापड कुठलं आहे याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही.”

दिवेवाल्याने कॅलेंडरचा हात हातात घेतला.

“मी उद्या जाणार आहे,” तो म्हणाला. “ते बदलणार नाही. आठ महिने.”

“ठाऊक आहे.”

“दर गुरुवारी मला एक खोटी नोंद पाठवशील?”

“तारे लावून?”

“तारे न लावता.”

कॅलेंडरने दुसऱ्या हाताने फोन काढला. घाईत घरचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

“आई,” तो म्हणाला, “दोघं.”